एमएसमध्ये मेंदूचे आकारमान मोजणे: सिएना, लीजन मास्क आणि आकडे कुठे घसरतात

मोजपट्टी · सोमवार, रात्री ९:४०

एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या नसांच्या आवरणाचा आजार) रुग्णांचे वर्षाच्या अंतराने घेतलेले डोक्याचे एमआरआय हाताशी आहेत. मशीन एकच, ३ टेस्ला. दर वेळी १ मिमीचा थ्रीडी टी-१ (एमपीरेज; यात मेंदूची रचना स्पष्ट दिसते) आणि १ मिमीचा थ्रीडी फ्लेअर (यात आजाराचे डाग उजळतात). वर्षभरात मेंदू किती टक्के आक्रसला आणि लीजनचे (आजाराच्या डागांचे) एकूण आकारमान किती बदलले, हे दोन आकडे काढायचे आहेत. आक्रसणे मोजण्यासाठी एफएसएल या सॉफ्टवेअर संचातले सिएना हे साधन चालवले आहे.

अडचणी अशा:

१. काही रुग्णांचा मेंदू वर्षभरात १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त *वाढलेला* दिसतो. हे शक्य नाही, म्हणजे मोजण्यात गडबड आहे. शोधायला सुरुवात कुठून करावी?

२. काहींचा टी-१ कॉन्ट्रास्ट (गॅडोलिनियमचे इंजेक्शन) दिल्यानंतर घेतलेला आहे. तो चालेल का?

३. लीजन दोघांनी हाताने रंगवले. दोघांच्या मास्कचा (रंगवलेल्या भागाचा) डाइस गुणांक, म्हणजे दोन मास्क किती जुळतात याचा ० ते १ मधला आकडा, ०.६ च्या आसपास येतो. हा इतका वाईट आहे का, की काम पुन्हा करावे?

४. न्यूरॉलॉजिस्टना प्रत्येक रुग्णाचा वेगळा आकडा हवा आहे. तो द्यावा का?

---

करडा_पडदा · सोमवार, रात्री १०:२५

पहिल्या प्रश्नापासून घेऊ, कारण बाकीचे त्यातूनच सुटत जातील.

आधी सिएना काय करते ते नीट डोळ्यांसमोर आणा. दोन्ही वेळच्या चित्रांतून बेट हे साधन वापरून मेंदू सोलून काढला जातो, आणि कवटीचेही एक चित्र बनते. मग दोन्ही मेंदू एकमेकांवर बसवले जातात. बसवताना आकार लहानमोठा करण्याची मुभा द्यावी तर खरा आक्रसलेला भागच ताणून भरला जाईल, म्हणून मापाची पट्टी कवटीवरून धरली जाते. मोठ्या माणसाची कवटी वर्षभरात बदलत नाही, हे त्यामागचे गृहीतक. त्यानंतर दोन्ही चित्रे मधल्या स्थितीत आणली जातात, म्हणजे धूसर होण्याचा दोष दोघांना सारखाच लागतो. मग मेंदू आणि पाणी (मेंदूच्या आत-बाहेरचा द्रव) यांच्या सीमेवरच्या हजारो कडबिंदूंपाशी कड किती आत किंवा बाहेर सरकली ते मोजतात आणि सरासरीवरून टक्केवारी काढतात.

कवटीची पट्टी इथे फार नाजूक आहे. प्रत्येक अक्षावर माप फक्त ०.१ टक्क्याने चुकले तर आकारमान ०.३ टक्क्याने चुकते. १७० मिमी लांबीच्या मेंदूत ०.१ टक्का म्हणजे ०.१७ मिमी, एका वोक्सेलच्या (चित्राच्या १ मिमी ठोकळ्याच्या) सहाव्या भागाइतके. एमएसमध्ये वर्षाला आक्रसणे साधारण ०.५ ते १.३५ टक्के असते आणि निरोगी प्रौढांत ०.१ ते ०.३. म्हणजे एका वोक्सेलच्या सहाव्या भागाच्या चुकीने निरोगी माणसाचा वर्षभराचा ऱ्हास पुसला जाऊ शकतो.

म्हणून आकडे बाजूला ठेवा आणि चित्रे बघा. सिएना प्रत्येक जोडीसाठी एक अहवाल पान बनवते. त्यात तीन गोष्टी तपासा.

मेंदू सोललेला नीट आहे का? बेटच्या ‘एफ’ या उंबरठ्याचे मूळ मूल्य ०.५ आहे आणि एमएसच्या थ्रीडी टी-१ वर ते बऱ्याचदा मेंदूच खाऊन टाकते, विशेषतः कपाळामागे आणि टेम्पोरल लोबच्या टोकाला. उलट, चित्रात मान खूप खालपर्यंत आली असेल तर बेटचा गोल खाली सरकतो, आणि डोळे व मानेचे स्नायू आत राहतात. एमएसच्या चित्रांसाठी २०१२ मध्ये पद्धतशीर तपासून जे सुचवले गेले तेच आजही कामाचे आहे: आधी मान कापून टाका (रोबस्टएफओव्ही हे सोपे साधन आहे), मग बेटला ‘एफ’ ०.१ आणि मोठ्या ‘बी’चा पर्याय द्या. सिएनाला हे पर्याय वेगळे, अवतरणचिन्हांत द्यावे लागतात. ते राहून गेले तर मुकाट्याने ०.५ चालते आणि कुठेही चूक दाखवली जात नाही.

दुसरे, कडांच्या हालचालीचे रंगीत चित्र. खरे आक्रसणे वेंट्रिकलभोवती (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती) आणि सल्कसमध्ये (पृष्ठभागावरच्या खाचांत) विखुरलेले दिसते. सगळा रंग फक्त एका बाजूला, किंवा फक्त खाली सेरेबेलमपाशी, किंवा कपाळावर एका पट्ट्यात असेल तर तो आजार नव्हे, सोलण्यातला फरक आहे.

तिसरे, सिएना पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे असे दोनदा मोजते आणि सरासरी देते. अहवालात दोन्ही आकडे असतात. एक −०.६ आणि दुसरा +०.५ असेल (चिन्ह उलटे, कारण दिशा उलटी) तर ठीक. दोघांच्या आकारात मोठा फरक असेल तर ती जोडी सरासरीवर सोडू नका, उघडून बघा.

---

स्कॅनघर · सोमवार, रात्री ११:०५

“मशीन एकच” एवढ्यावर भागत नाही. एकच मशीन वर्षभरात बदलत असते. डायकॉम हेडर (स्कॅनच्या फाइलमधली तांत्रिक नोंद) उघडा आणि दोन्ही भेटींचे हे रकाने शेजारी शेजारी लावा: सॉफ्टवेअरची आवृत्ती, कॉइलचे नाव, टीआर, टीई, टीआय, फ्लिप अँगल, बँडविड्थ, वोक्सेलचे माप, प्रवेग घटक आणि डिस्टॉर्शन करेक्शन चालू की बंद, टूडी की थ्रीडी.

शेवटचा रकाना सगळ्यात जास्त फसवतो. ग्रेडियंट केंद्रापासून दूर सरळ रेषेत वागत नाहीत, त्यामुळे डोक्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला चित्र किंचित ताणले किंवा दाबले जाते. करेक्शन एका भेटीत चालू आणि दुसरीत बंद असेल तर मेंदू वाढला किंवा घटला असे दिसणारच. काही मशीनवर दोन्ही मालिका साठवल्या जातात, दुरुस्त केलेली आणि न केलेली, आणि पॅक्समधून (रुग्णालयाच्या स्कॅनसाठ्यातून) ओढताना कुठली आली ते फक्त हेडरवरून कळते. करेक्शन दोन्ही वेळी चालू असले तरी डोके दर वेळी मॅग्नेटच्या मध्यावर तितक्याच उंचीवर हवे. लेझरची रेघ भुवयांच्या मध्यावर लावायची असे ठरवले तर दर वेळी तिथेच. मान आखूड असलेल्या किंवा पाठीला बाक असलेल्या रुग्णात डोके कॉइलमध्ये पुरते वर सरकत नाही. पहिल्या भेटीत खाली उशी किती दिली ते लिहून ठेवले तर दुसऱ्या भेटीत तसेच देता येते.

कॉन्ट्रास्टनंतरच्या टी-१ बद्दल: आकारमानासाठी वापरू नका. गॅडोलिनियमने ड्यूरा (मेंदूवरचे जाड आवरण), शिरांचे सायनस आणि कोरॉइड प्लेक्सस उजळतात. बेट उजळ ड्यूराला मेंदूतच धरते आणि पुढची ग्रे मॅटर (पेशींचा करडा भाग) व व्हाइट मॅटर (तंतूंचा पांढरा भाग) यांची विभागणीही सरकते. दोन्ही भेटींत कॉन्ट्रास्टनंतरचाच असेल तर एक वेळ वेगळा गट करून बघता येईल, पण एकदा आधी आणि एकदा नंतर अशी जोडी सरळ वगळा. तुमचे “वाढलेले” मेंदू यातलेच निघतील, असा माझा अंदाज.

यापुढच्या भेटींसाठी क्रम असा ठेवावा: टी-१ आधी, मग इंजेक्शन, मग वाट बघण्याच्या वेळात फ्लेअर आणि टी-२, शेवटी कॉन्ट्रास्टनंतरचा टी-१. मात्रा ०.१ मिलिमोल प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिमोल; औषध ०.५ मोलर असेल तर १२ मिली, १ मोलर असेल तर ६ मिली. बाटली बदलली की मिली बदलतात हे ध्यानात ठेवा. इंजेक्शननंतर किमान ५ मिनिटे, जमल्यास १० मिनिटे थांबून शेवटचा टी-१. फ्लेअरला अंदाजे ५ मिनिटे लागतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

आणखी एक, जे सहसा कोणी लिहून ठेवत नाही: पाणी. २००५ मध्ये एका जर्मन गटाने निरोगी माणसांना १६ तास पाण्याविना ठेवून मोजले तर मेंदूचे आकारमान ०.५५ टक्क्याने घटले, आणि पाणी प्यायल्यावर ०.७२ टक्क्याने वाढले. एमएसच्या वर्षभराच्या ऱ्हासाएवढा हा फरक. आपल्याकडे कॉन्ट्रास्टसाठी “उपाशी या” सांगितले की बरेच रुग्ण पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्यात दुपारची वेळ, मे महिना, किंवा त्या दिवशी निर्जळी उपवास. एका भेटीत असे आणि दुसरीत पोटभर पाणी पिऊन, तर आकडा कोणत्याही बाजूला पडेल. अपॉइंटमेंट देतानाच पाण्याबद्दल स्पष्ट सूचना द्या आणि दोन्ही भेटी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला घ्या, सकाळी तर सकाळी. दिवसभरातही मेंदूचे माप सकाळी किंचित जास्त आणि संध्याकाळी किंचित कमी येते.

---

पांढरी_वाट · मंगळवार, सकाळी ७:५०

तिसऱ्या प्रश्नावर. डाइस ०.६ चांगला की वाईट, हे लीजन किती मोठे यावर ठरते. त्याआधी निकाल देऊ नका.

हिशेब करून बघा. ४ मिमी व्यासाचा गोल लीजन आहे. दोघांनी अगदी एकसारखा गोल काढला, फक्त एकाचा १ मिमीने, म्हणजे एका वोक्सेलने सरकला. सामाईक भाग ६३ टक्के उरतो, म्हणून डाइस ०.६३. तेवढाच सरका २० मिमीच्या लीजनमध्ये झाला तर डाइस ०.९३. म्हणजे ज्याचे लीजन लहान आणि विखुरलेले, त्याचा डाइस आपोआप खाली येतो, दोघेही बरोबर असले तरी. ३ मिमीचा लीजन म्हणजे १ मिमी वोक्सेलच्या चित्रात जेमतेम १४ वोक्सेल. कडेचे चार इकडेतिकडे झाले की संपले.

म्हणून डाइससोबत तीन आकडे आणखी द्या: दोघांच्या एकूण आकारमानातला फरक मिलीमध्ये, एकाला दिसलेले पण दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेले लीजन किती, आणि ते सरासरी केवढे. तज्ज्ञांतही मतभेद मोठे असतात. २०१६ च्या एमएस-सेग स्पर्धेसाठी ५३ रुग्णांचे स्कॅन ७-७ तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे रंगवले होते आणि त्यांचे एकमत गणिताने काढावे लागले. एकाच माणसाच्या मास्कला “सत्य” म्हणू नये, हे त्यातूनच पक्के झाले.

दोघांत फरक पडण्याच्या नेमक्या जागा ठरलेल्या आहेत. वेंट्रिकलच्या शिंगांच्या टोकांवरची टोपीसारखी उजळी, जी निरोगी माणसातही असते. सेप्टम पेल्युसिडम. चौथ्या वेंट्रिकलच्या आसपास पाण्याच्या प्रवाहामुळे फ्लेअरवर उठणारा खोटा उजेड. इन्सुलाचा काठ. आणि एकमेकांत मिसळलेले वेंट्रिकलभोवतीचे लीजन, जिथे संख्या विचारणेच व्यर्थ, आकारमानच मोजावे. या पाच जागांचा नियम दोघांनी आधी बसून एका पानावर लिहून काढा, १० रुग्णांवर सराव करा, मग बाकीचे करा. सबंध काम पुन्हा करण्यापेक्षा यात वेळ कमी जातो. सेरेबेलम आणि ब्रेनस्टेममध्ये फक्त फ्लेअरवर विसंबू नका, तिथे तो लीजन दडवतो. टी-२ शेजारी उघडा ठेवा.

वर्षभरातला बदल काढायचा असेल तर दोन्ही भेटी वेगवेगळ्या रंगवून वजाबाकी करू नका. दोन्ही वेळची चूक त्यात जमा होते. दोन्ही फ्लेअर एकमेकांवर बसवा, उजळपणा सारखा करा, एक चित्र दुसऱ्यातून वजा करा. नवा लीजन त्यात राखाडी पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठिपक्यासारखा वर येतो. बसवण्यात चूक असेल तर एका कडेला पांढरी आणि समोरच्या कडेला काळी रेघ दिसते. ती जोडीने येते, त्यामुळे ओळखू येते.

---

पांढरी_वाट · मंगळवार, सकाळी ८:१५

लीजन भरण्याचे राहिले. ग्रे मॅटर आणि व्हाइट मॅटर वेगळे मोजणार असाल तर ते टाळता येत नाही.

कारण साधे आहे. टी-१ वर लीजन काळसर दिसतो. विभागणी करणारे सॉफ्टवेअर फक्त उजळपणा बघते, म्हणून ते त्याला ग्रे मॅटर समजते, आणि फार काळा असला, म्हणजे ज्याला आपण ब्लॅक होल म्हणतो तसा, तर पाणीही समजते. परिणाम: जितके लीजन जास्त, तितके ग्रे मॅटर “जास्त”. आजार वाढतो तसे ग्रे मॅटर वाढले असा उलटाच निष्कर्ष निघतो. शिवाय लीजनचा उजळपणा एकूण सरासरीत मिसळल्याने लांबच्या, निरोगी भागातली सीमासुद्धा हलते. हे लक्षात येणे कठीण, कारण तिथे बघितले तर काहीच चुकलेले दिसत नाही.

पायऱ्या: फ्लेअर त्याच भेटीच्या टी-१ वर फक्त सरकवून-फिरवून बसवा, म्हणजे सहा प्रकारच्या हालचालींची मुभा द्या (डिग्रीज ऑफ फ्रीडम); ताणण्याची मुभा असलेल्या बारा देऊ नका. तेच परिवर्तन मास्कला लावा, ट्रायलिनियर पद्धतीने, आणि मग ०.५ वर कापा. नुसत्या नियरेस्ट नेबरने मास्कच्या कडा दातेरी होतात. मास्क कॉर्टेक्समध्ये किंवा वेंट्रिकलमध्ये शिरला असेल तो भाग छाटा. मग भरा: लीजनच्या आत शेजारच्या निरोगी व्हाइट मॅटरसारखा उजळपणा घातला जातो. भरलेले चित्र उघडून बघा. लीजनच्या जागी आता उजळ डाग दिसत असेल तर शेजारच्या भागाचा अंदाज चुकला आहे, आणि काळे कडे उरले असेल तर मास्क लहान पडला आहे.

मास्क स्वयंचलित बनवणार असाल तर एलएसटी या लीजन शोधणाऱ्या साधनाच्या जुन्या पद्धतीत कप्पा हा सुरुवातीचा उंबरठा ०.३ दिलेला असतो. तो तुमच्या मशीनसाठी योग्यच असेल असे समजू नका. हाताने रंगवलेल्या १०-१५ रुग्णांवर ०.०५ च्या टप्प्यांनी बदलून बघा आणि जिथे एकूण आकारमान व डाइस दोन्ही बरे येतात तिथे थांबा. एकदा ठरला की सगळ्यांना तोच.

---

पाठकणा · मंगळवार, दुपारी २:३०

चौथा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकेका रुग्णाला हा आकडा देऊन त्यावर औषध बदलू नये, हे माझे ठाम मत आहे. कारणे सांगतो.

वर्षाला ०.४ टक्क्यांची रेषा बऱ्याच ठिकाणी वाचाल. २०१६ मधल्या कामातून ती आली, आणि त्या रेषेवर निरोगी माणसांपासून एमएस ओळखण्याची विशिष्टता ८० टक्के आणि संवेदनशीलता ६५ टक्के होती. म्हणजे दर पाच निरोगी माणसांतला एक त्या रेषेच्या पलीकडे जाणार आणि एमएस असलेल्यांतले तिघांतले एक अलीकडे राहणार. हे गटासाठी उपयोगी आहे. समोर बसलेल्या एका माणसासाठी नाही. शिवाय १२०० मिलीच्या मेंदूचे ०.४ टक्के म्हणजे ४.८ मिली, एक चहाचा चमचा. तो सुमारे १८०० चौरस सेंटीमीटर कॉर्टेक्सवर पसरला तर थर ०.०३ मिमीपेक्षा पातळ.

दुसरे कारण औषधच. दाह कमी करणारे औषध सुरू केले की सूज ओसरते आणि मेंदू लहान दिसतो. यात पेशी मेलेल्या नसतात, पाणी गेलेले असते. याला स्यूडोअट्रोफी म्हणतात. नटालिझुमॅबच्या अफर्म चाचणीत पहिल्या वर्षी औषध घेणाऱ्यांत ऱ्हास ०.५६ टक्के आणि प्लासिबोवर ०.४० टक्के होता, म्हणजे औषधाने वाईट केले असे वाटावे. दुसऱ्या वर्षी तेच आकडे ०.२४ आणि ०.४३ झाले. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर औषध थांबवले असते तर रुग्णाचे नुकसान झाले असते. म्हणून औषध सुरू झाल्यावर ३ ते ६ महिन्यांनी नवा आधारस्कॅन घ्या आणि पुढची तुलना त्याच्याशी करा. स्टेरॉइडच्या शिरेतून दिलेल्या डोसनंतरही असेच होते. त्यानंतर लगेच आकारमान मोजू नका.

तिसरे, मेंदूचे आकारमान आणि रुग्णाचा त्रास यांचे नाते सैल आहे. मणक्यातला एक छोटा लीजन चालणे बंद करतो आणि त्याचा मेंदूच्या आकड्यावर काहीच परिणाम नसतो. मणक्याचे स्कॅन नसतील तर तुमच्या निष्कर्षात तसे स्पष्ट लिहा.

आणि हे आधी बघा: रुग्णाला खरोखर एमएसच आहे ना. भारतात एनएमओएसडी आणि मॉगएडी (एमएससारखे दिसणारे पण वेगळे आजार) वेगळे काढल्याशिवाय गट बनवू नये. मणक्यात तीन किंवा त्याहून जास्त कशेरुकांइतका लांब पसरलेला लीजन, मळमळ-उचकीसह ब्रेनस्टेममधल्या एरिया पोस्ट्रेमातला लीजन, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकदम सुजणे, असे काही असेल तर अँटिबॉडी तपासल्याशिवाय तो रुग्ण एमएसच्या गटात टाकू नका. अशा पाच-सहा जणांनी सगळी सरासरी बिघडते.

---

वोक्सेलवाला · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

पाठकणा, एकेका रुग्णाचा आकडा *कधीच* देऊ नये, याच्याशी पूर्ण सहमत नाही. आपल्या मशीनची चूक मोजलेली असेल तर मर्यादित अर्थाने देता येतो.

पद्धत: ५-६ स्वयंसेवक घ्या. एकाच दिवशी स्कॅन करा, टेबलावरून खाली उतरवा, पाच मिनिटांनी पुन्हा झोपवून तोच स्कॅन करा. दोन्हींत सिएना लावा. खरा बदल शून्य असायला हवा, त्यामुळे जे येईल ती चूक. त्यांचे प्रमाण विचलन काढा. सिएनाची चूक साधारण ०.१५ ते ०.२ टक्के सांगितली जाते. ०.२ धरले तर १.९६ ने गुणून ०.३९ टक्के. त्याच्या आतला कोणताही बदल “बदल नाही” याच्यापासून वेगळा करता येत नाही. म्हणजे एका वर्षाचा ०.४ कसाबसा रेषेबाहेर येतो. दोन वर्षांच्या अंतरात ऱ्हास दुप्पट होतो आणि मोजण्याची चूक मात्र तेवढीच राहते, म्हणून दोन वर्षांचा आकडा कितीतरी भरवशाचा. आणि पाण्याची, वेळेची, औषधाची गडबड या ०.३९ मध्ये धरलेली नाही, ती वेगळी.

गटासाठी हिशेब करताना तीन गोष्टी. अंतर बरोबर बारा महिने क्वचितच असते. १४ महिन्यांत −०.७ आले तर वर्षाला −०.६ धरा, −०.७ नाही. दोन सायनॅक्स (एकाच भेटीच्या स्कॅनवरून आकारमान काढणारे एफएसएलचे साधन) आकड्यांची वजाबाकी करून बदल काढू नका, एका भेटीचे माप ०.५ ते १ टक्क्याने हलते. सायनॅक्स माणसा-माणसांत तुलना करायला, सिएना वेळेतला बदल बघायला. आणि मध्येच सॉफ्टवेअर बदलले असेल तर ते मॉडेलमध्ये वेगळा घटक म्हणून घाला, पण सगळे रुग्ण जुन्या आवृत्तीवर आणि सगळे निरोगी नव्यावर असतील तर कोणतेही गणित त्यांना वेगळे करू शकणार नाही.

---

पाठकणा · मंगळवार, रात्री ८:४५

चूक स्वतः मोजलेली असेल आणि आकड्यासोबत ती पट्टी छापली असेल, तर हरकत नाही. माझा विरोध नुसत्या “−०.५ %” असे लिहून पाठवण्याला आहे. न्यूरॉलॉजिस्ट तो साखरेच्या आकड्यासारखा वाचतात.

---

मोजपट्टी · गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे सांगणे एकेक करून तपासले. “वाढलेल्या” मेंदूंपैकी बहुतेकांत स्कॅनघर म्हणाले तेच निघाले: पहिला टी-१ कॉन्ट्रास्टआधीचा, दुसरा नंतरचा. दोघांत एका भेटीची न दुरुस्त केलेली मालिका ओढली गेली होती. उरलेला एक रुग्ण मात्र कोड्यात टाकतो. सोललेला मेंदू ठीक आहे, हेडर तंतोतंत सारखे, दोन्ही दिशांचे आकडे जुळतात, आणि तरीही +०.९.

शिवाय थॅलेमस (मेंदूच्या मध्यातला ग्रे मॅटरचा गोळा) वेगळा मोजायची सूचना आली आहे. त्यासाठी काही वेगळे करावे लागेल का?

---

करडा_पडदा · गुरुवार, रात्री १०:००

त्या एका रुग्णाचा *पहिला* स्कॅन कधी झाला ते बघा. रिलॅप्ससाठी (आजार उफाळल्यावर) स्टेरॉइड दिल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत असेल तर मेंदू तेव्हाच लहान होता आणि आता पूर्वपदावर आला आहे. तसे नसेल तर पहिल्या टी-१ मध्ये डोके हलल्याच्या लाटा शोधा: कपाळाच्या कातडीपासून आत जाणाऱ्या समांतर फिकट रेघा. हलल्याने कॉर्टेक्स पातळ आणि ग्रे मॅटर कमी मोजले जाते, आणि दुसरा स्कॅन स्वच्छ असेल तर मेंदू वाढल्यासारखा दिसतो. या रेघा नेहमीच्या खिडकीत दिसत नाहीत. ब्राइटनेस इतका वाढवा की डोक्याबाहेरची हवा करडी होईल. तिथे लाटा उघड दिसतात.

थॅलेमससाठी: एमएसमध्ये तो लवकर आक्रसतो, म्हणून मोजणे योग्यच. एफएसएलचे फर्स्ट हे साधन चालेल, पण लीजन भरलेल्या टी-१ वरच. वेंट्रिकलला लागून असलेला काळा लीजन थॅलेमसची आतली कड खातो. बाहेरची कड, इंटर्नल कॅप्सूलला लागून, टी-१ वर जात्याच पुसट असते, त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे तीन तरी कोरोनल काप बघा. डावा-उजवा यांत मोठा फरक आला तर आधी कड संशयाखाली घ्या. फ्रीसर्फर या दुसऱ्या सॉफ्टवेअरने करणार असाल तर दोन्ही भेटी स्वतंत्र चालवू नका. लाँगिट्यूडिनल मार्गात दोन्हींपासून आधी एक मधला साचा बनतो आणि दोन्ही त्याच्यावरून मोजल्या जातात, त्यामुळे पहिल्या भेटीला झुकते माप मिळत नाही.

---

मोजपट्टी · शुक्रवार, सकाळी ८:०५

पहिला स्कॅन शिरेतून दिलेल्या मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे पाच दिवस संपल्यानंतर नवव्या दिवशीचा आहे. तो रुग्ण वगळायचा, की आधारस्कॅन बदलायचा?

---

पाठकणा · शुक्रवार, सकाळी ९:३०

मधला, स्टेरॉइडपासून किमान महिना-दोन महिने लांबचा स्कॅन पॅक्समध्ये असेल आणि तो त्याच प्रोटोकॉलचा असेल, तर तोच आधार धरा आणि अंतर त्याच्यापासून मोजा. नसेल तर आकारमानाच्या विश्लेषणातून वगळा, लीजनच्या विश्लेषणात ठेवा; नव्या टी-२ लीजनच्या मोजणीला स्टेरॉइडने बाधा येत नाही. कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या लीजनच्या संख्येतून मात्र त्यालाही काढा, कारण स्टेरॉइडनंतर ते उजळणे दबते. आणि ही अट आताच लिहून ठेवून सगळ्या रुग्णांना लावा, फक्त ज्याचा आकडा विचित्र आला त्यालाच नको.